पंडितांनी पुरलेले पक्ष उठून का बसतात?

प्रश्न असा आला आहे: "जानेवारी २०२५ मध्ये कॅनडातला प्रत्येक राजकीय विश्लेषक सांगत होता की लिबरल पक्ष संपला, कॉन्झर्व्हेटिव्ह दोनशेच्या वर जागा घेणार. एप्रिलमध्ये लिबरलच जिंकले. तुम्ही इतकी वर्षं तिकडच्या प्रचारात काम करता. हे लोक खोटं बोलतात, की त्यांना कळतच नाही? आणि पक्षाचे दिवस फिरलेत हे तुम्ही लोक कशावरून ओळखता?"

आधी माझं सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्यातून किती वजा करायचं ते तुम्हाला ठरवता येईल. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात वीसेक वर्षं मी निवडणुकांची कामं केली. सुरुवात बर्फात पत्रकं टाकण्यापासून, पुढे मतदार याद्यांचं काम, मग एकेका मतदारसंघाचा प्रचार सांभाळणं. दोन वेगवेगळ्या पक्षांसाठी राबलो आहे, कोणते ते सांगत नाही. आणि हो, टीव्हीच्या चर्चेत "राजकीय रणनीतिकार" अशी पट्टी नावाखाली लावून मीही बसलो आहे. म्हणजे ज्यांच्याबद्दल तुम्ही विचारताय, त्यांच्यातलाच मी एक. पंडित हा शब्द इंग्रजीने आपल्याकडून नेला आणि त्याचं असं काही करून ठेवलं, याची मला त्या खुर्चीत बसल्यावर दर वेळी थोडी लाज वाटायची.

आता जानेवारीकडे. ६ जानेवारीला लिबरल पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी पायउतार होणार असल्याचं जाहीर केलं. त्याच्या तीन आठवडे आधी, १६ डिसेंबरला, अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलंड यांनी राजीनामा दिला होता. त्याच्याही आधी, जून २०२४ मध्ये, टोरोंटो–सेंट पॉल्स ही १९९३ पासून लिबरलांकडे असलेली जागा पोटनिवडणुकीत जेमतेम सहाशे मतांनी गेली होती. चाचण्यांमध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह वीस आणि त्याहून जास्त टक्क्यांनी पुढे होते. हे आकडे बनावट नव्हते. त्या हिवाळ्यात दारोदार फिरणाऱ्या कुणालाही विचारा: ट्रूडो हे नाव काढलं की माणूस विनम्रपणे, कॅनडातल्या माणसासारखा, "धन्यवाद" म्हणायचा आणि दार लावून घ्यायचा.

म्हणजे पंडित खोटं बोलत नव्हते. आजची रेघ पट्टी लावून पुढे ओढायची, हे त्यांचं काम. ते त्यांनी केलं. रेघ पुढे का जाईल, कुठे मोडू शकेल, हे विचारायला सहा मिनिटांच्या चर्चेत वेळ नसतो. शिवाय असा प्रश्न विचारणारा माणूस गोंधळलेला दिसतो, आणि गोंधळलेल्या माणसाला पुन्हा बोलावत नाहीत.

पण खरी गंमत निकालात आहे, आणि ती अजूनही बहुतेकांनी नीट वाचलेली नाही. २८ एप्रिलला ३४३ जागांपैकी लिबरलांना १६९, कॉन्झर्व्हेटिव्हांना १४४, ब्लॉक केबेक्वा या फक्त क्युबेक प्रांतात लढणाऱ्या पक्षाला २२, एनडीपी या डाव्या पक्षाला ७ आणि ग्रीन पक्षाला १. मतांमध्ये लिबरल ४४ टक्क्यांच्या किंचित खाली, कॉन्झर्व्हेटिव्ह ४१ च्या थोडं वर. हा दुसरा आकडा परत बघा. २०११ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी ३९.६ टक्के मतांवर स्पष्ट बहुमत मिळवलं होतं. या वेळचे कॉन्झर्व्हेटिव्ह नेते पियेर पॉलिएव्ह यांना त्यांच्याहून जास्त टक्के मतं पडली, १९८८ नंतर त्या पक्षाला इतका वाटा कधी मिळाला नव्हता, जागाही ११९ वरून १४४ झाल्या. आणि तरी ते हरले. निवडणुकीनंतर आठवडाभर पडद्यावर "कॉन्झर्व्हेटिव्ह कोसळले" हेच चाललं होतं. कोसळले ते नव्हेतच. जानेवारीतल्या चाचण्यांमधून त्यांची काही टक्के मतं घसरली, बाकी जवळजवळ सगळी जागेवर राहिली.

कोसळली ती एनडीपी. २०२१ मध्ये जवळपास १८ टक्के, २०२५ मध्ये सहाच्या थोडं वर. पंचवीस जागांवरून सात. नेते जगमीत सिंग आपली बर्नबीची जागासुद्धा राखू शकले नाहीत. तिकडे क्युबेकमध्ये ब्लॉकच्या दहा जागा गेल्या. म्हणजे चौरंगी लढत एका हंगामात दुरंगी झाली. चौरंगी लढतीत ४१ टक्के म्हणजे दिवाळी. दुरंगीत ४१ म्हणजे दुसरा नंबर. पॉलिएव्ह यांच्या लोकांनी जे गणित दोन वर्षं मांडलं, त्यात समोरची मतं फुटलेली राहणार हे गृहीत होतं. ती फुटलेली मतं एकत्र आली, आणि त्यात कॉन्झर्व्हेटिव्हांच्या प्रचाराचा काही थेट दोष नव्हता. दोष असलाच तर एवढा की ती एकत्र येऊ नयेत म्हणून काय करायचं, हा विचारच कुणी केला नाही. नारिंगी पक्ष, म्हणजे एनडीपी, मेला की आपलं बरंच होईल असं त्यांना वाटत राहिलं. आमच्या धंद्यात हे पहिल्या वर्षी शिकवतात: तिसऱ्या क्रमांकाचा पक्ष जिवंत ठेवणं हे पहिल्या क्रमांकावर असणाऱ्याचं काम असतं.

मतं एकत्र का आली, तर मतदारासमोरचा प्रश्न बदलला.

हे वाक्य साधं दिसतं, पण माझ्या वीस वर्षांत मला जे काही कळलं त्यातलं बरंचसं त्यात आहे, म्हणून जरा थांबतो. प्रत्येक निवडणुकीत मतदार मनातल्या मनात एका प्रश्नाचं उत्तर देत असतो. "महागाईला कंटाळलात का?" हा एक प्रश्न. "या माणसाला अजून चार वर्षं बघवेल का?" हा दुसरा. चाचणी घेणारा विचारतो की आज मत कुणाला देणार, म्हणजे तो उत्तर मोजतो. कुठल्या प्रश्नाचं उत्तर, ते त्याच्या कागदावर नसतं. पॉलिएव्ह यांना २०२५ ची निवडणूक कार्बन करावर, म्हणजे प्रदूषण करणाऱ्या इंधनावरच्या करावर, हवी होती, तसं ते जाहीरपणे म्हणत होते, आणि त्यांच्या घोषणा, फलक, टी-शर्ट सगळं त्यावर होतं. लिबरलांचे नवे नेते मार्क कार्नी १४ मार्चला पंतप्रधान झाले आणि त्याच दिवशी त्यांनी ग्राहकांवरचा हा कर शून्यावर आणायचा निर्णय घेतला. १ एप्रिलपासून तो बंद. ट्रूडो तर आधीच गेले होते. म्हणजे प्रश्नाचे दोन्ही शब्द, "ट्रूडो" आणि "कर", फळ्यावरून पुसले गेले. आणि पुसलेल्या जागी वॉशिंग्टनहून कुणी तरी नवा प्रश्न लिहून दिला.

कॅनडाला अमेरिकेचं "एक्कावन्नावं राज्य" करण्याचं डोनाल्ड ट्रम्प यांचं बोलणं भारतात विनोदासारखं वाचलं गेलं असेल. इथे नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला हॉकीच्या सामन्यांत अमेरिकेच्या राष्ट्रगीताला प्रेक्षक हुर्यो करू लागले. कॅनडाच्या प्रेक्षकाला ओळखणाऱ्याला यातली असाधारणता कळेल. २० फेब्रुवारीला बॉस्टनमध्ये कॅनडाने अमेरिकेला जादा वेळेत ३–२ असं हरवलं, त्या रात्री आमच्या गल्लीत लोक थंडीत बाहेर येऊन हॉर्न वाजवत होते. ४ मार्चला अमेरिकेचं आयातशुल्क लागू झालं आणि ऑन्टॅरिओच्या सरकारी दारूदुकानांतून अमेरिकन बाटल्या उतरवल्या गेल्या. रिकाम्या फळीचा फोटो कुठल्याही निवडणूक जाहिरातीपेक्षा जास्त फिरला. आमच्यापैकी जे दारांवर जात होते त्यांना फरक ऐकू येत होता. "कुणाला मत देणार" याचं उत्तर बदलायच्या आधी लोकांच्या बोलण्यातला विषय बदलला. घरभाडं, किराणा यांच्या जागी "याच्याशी बोलायला कोण बसेल?" आलं. फेब्रुवारीच्या शेवटी एका चाचणीत लिबरल पहिल्यांदा किंचित पुढे दिसले, तेव्हा पडद्यावर तिला अपवाद म्हणून बाजूला ठेवलं गेलं.

अशी अदलाबदल कॅनडाने आधीही पाहिली आहे. १९८८ ची निवडणूक अमेरिकेबरोबरच्या मुक्त व्यापार करारावर झाली. ऑक्टोबरच्या वादविवादात लिबरल नेते जॉन टर्नर यांनी पंतप्रधान ब्रायन मल्रोनी यांच्यावर देश विकल्याचा आरोप केला, आणि सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची (आजच्या कॉन्झर्व्हेटिव्हांचा हा पूर्वज) आघाडी काही दिवसांत वितळली. त्यांचे सर्वेक्षणतज्ज्ञ ॲलन ग्रेग यांनी निदान केलं ते आमच्या पिढीने पाठ केलं आहे: कराराची भीती एका काठावर आहे, लिबरल मत दुसऱ्या काठावर, आणि मधला पूल म्हणजे टर्नर यांच्यावरचा विश्वास. भीती घालवता येत नसेल तर पूल उडवा. उरलेला सगळा प्रचार टर्नर यांच्या विश्वासार्हतेवर तुटून पडला. करार नको असलेल्या पक्षांना मिळून निम्म्याहून जास्त मतं पडली, पण मल्रोनी ४३ टक्क्यांवर २९५ पैकी १६९ जागा घेऊन परत आले. त्या आठवड्यात चाचणी वाचून मल्रोनींना निरोप देणारे कमी नव्हते. ग्रेग यांनी तेच आकडे बघून लोक एका काठावरून दुसऱ्यावर कशावरून चालत जाताहेत ते विचारलं.

आणि तुम्ही म्हणाल, मग हे रणनीतिकार शहाणे. थांबा. पाच वर्षांनी तोच पक्ष, त्याच अनुभवी माणसांसह, जगातल्या कुठल्याही लोकशाहीत क्वचित दिसेल असा आपटला. १९९३ च्या जूनमध्ये किम कॅम्पबेल पंतप्रधान झाल्या, उन्हाळ्यात त्या लोकप्रिय होत्या, शरद ऋतूत प्रचार सुरू झाला तेव्हा लढत बरोबरीची वाटत होती. २५ ऑक्टोबरला सत्ताधारी पक्षाला जागा मिळाल्या दोन. दोनच! कॅम्पबेल यांची स्वतःची व्हँकूव्हरची जागाही गेली. मधे त्यांच्या पक्षाने एक जाहिरात केली होती, लिबरल नेते ज्यां क्रेतिएन यांच्या चेहऱ्याची जवळून टिपलेली छायाचित्रं घेऊन. क्रेतिएन यांना लहानपणापासून चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात आहे. जाहिरात मागे घ्यावी लागली तोवर व्हायचं ते झालं होतं. तीसुद्धा रणनीतिकारांचीच करामत.

पण १९९३ चं माझ्या लेखी महत्त्व जाहिरातीत नाही, वाटणीत आहे. त्या पक्षाला देशभरात १६ टक्के, म्हणजे जवळपास बावीस लाख मतं पडली. ब्लॉक केबेक्वाला त्याहून कमी, साडेअठरा लाखांच्या आसपास, आणि जागा मिळाल्या चोपन्न. कारण ब्लॉकची सगळी मतं एका प्रांतात साठलेली होती आणि यांची दहा प्रांतांत पातळ पसरलेली, पोळीला लावलेल्या थोडक्या तुपासारखी. पश्चिमेची मतं तिथल्या नव्या, उजव्या रिफॉर्म पक्षाने नेली, बावन्न जागा. ज्याला आपण पक्षाचं नशीब म्हणतो ते अनेकदा एवढंच असतं: मतं किती, यापेक्षा ती कुठे पडली.

हेच उलट्या बाजूने २०१९ आणि २०२१ मध्ये झालं. दोन्ही वेळा कॉन्झर्व्हेटिव्हांना लिबरलांपेक्षा साधारण एक टक्का मतं जास्त. जागा मात्र २०१९ मध्ये १५७ विरुद्ध १२१ आणि २०२१ मध्ये १६० विरुद्ध ११९, लिबरलांच्या बाजूने. आल्बर्टा या कॉन्झर्व्हेटिव्ह बालेकिल्ल्यातल्या ग्रामीण मतदारसंघात ८० टक्के मतं घेऊन निवडून आलं काय आणि ४५ टक्के घेऊन आलं काय, खुर्ची एकच मिळते. टोरोंटोभोवतीच्या उपनगरांत, ज्याला इथे फोनच्या कोडवरून "नऊ-शून्य-पाच" म्हणतात, दोन-तीन टक्क्यांनी डझनभर खुर्च्या इकडच्या तिकडे होतात. म्हणून राष्ट्रीय चाचणीत कोण किती टक्के पुढे, हा आकडा मी बघतो, पण शेवटी. आधी ऑन्टॅरिओचा आणि क्युबेकचा वेगळा आकडा, मग उपनगरांचा. पंडितांचं अर्धं आयुष्य राष्ट्रीय आकड्यावर जातं कारण तो एका ओळीत वाचता येतो.

आता दारांवर आम्ही नक्की काय करतो, ते सांगतो. इथे मतदारसंघाला रायडिंग म्हणतात आणि त्याचे काहीशे घरांचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना पोल. आपल्याकडचा बूथ समजा. स्वयंसेवक यादी घेऊन, हल्ली फोनवरच्या ॲपमध्ये, घरोघर जातो आणि प्रत्येक मतदाराला एक ते पाच असा आकडा देतो: एक म्हणजे आपला पक्का, पाच म्हणजे समोरचा पक्का, तीन म्हणजे काठावरचा. मतदानाच्या दिवशी एक आणि दोन वाल्यांना शोधून शोधून केंद्रावर न्यायचं. बस, एवढंच, याच्यावर कुणी पुस्तक लिहीत नाही. पण या यादीत एक गोष्ट दिसते जी चाचणीत दिसत नाही. गेल्या वेळचा "एक" या वेळी "तीन" झाला का? जानेवारी २०२५ मध्ये लिबरलांचे जुने मतदार असे मोठ्या संख्येने तीनवर येऊन बसले होते. रागावलेले होते, पण पाचवर गेलेले नव्हते. घर सोडून अंगणात उभा राहिलेला माणूस आणि सामान घेऊन गावाला गेलेला माणूस यांच्यात फरक असतो. चाचणीत दोघंही "घरात नाही" एवढंच दिसतं.

मला हे आधीच कळलं होतं असं म्हणणार नाही. मला वाटलं होतं की हे लोक मतदानालाच येणार नाहीत. ते आले.

अंगणातल्या पाट्यांचा विषय निघाला की नवखे उमेदवार खूश होतात. रस्त्याच्या कडेने आपल्या रंगाच्या पाट्या दिसल्या की लाट आलीच असं वाटतं. "पाट्या मत देत नाहीत" हे आमच्याकडचं जुनं वाक्य आहे. माझ्या एका प्रचारात आमच्या पाट्या समोरच्यांच्या दुप्पट होत्या आणि आम्ही दणकून हरलो. नंतर कळलं की बऱ्याच पाट्या एकाच हौशी कार्यकर्त्याने आपल्या नातेवाइकांच्या आणि भाडेकरूंच्या अंगणात लावल्या होत्या. स्थानिक वाहिनीने त्याच रस्त्यावर उभं राहून "हवा बदलतेय" अशी बातमी दिली होती.

टीव्हीबद्दल आता. चर्चेत बसणारे लोक साधारण तीन प्रकारचे. पत्रकार, जे राजधानीत राहतात आणि खासदारांशी बोलतात. सर्वेक्षणवाले, जे यांच्यातले सगळ्यात सावध असतात आणि म्हणून त्यांना सगळ्यात कमी वेळ मिळतो. आणि आम्ही, म्हणजे माजी प्रचारप्रमुख, माजी सल्लागार. आमच्यातले बरेच जण दिवसा सरकार-संपर्काच्या किंवा जनसंपर्काच्या कंपन्यांत नोकरी करतात, हे पट्टीवर लिहिलेलं नसतं. माझ्या बाबतीत सकाळी पक्षाकडून ईमेल यायचं: आज बोलायचे मुद्दे. तीन असायचे. त्यातला एक तरी बोललास तर बरं, अशी अपेक्षा. मी कधी बोललो, कधी नाही. पण पुढच्या सहा जणांनी तेच शब्द वापरले की प्रेक्षकाला वाटतं सगळ्यांचं एकमत आहे. ते एकमत नसतं, एकच ईमेल असतं.

पक्षाचा माणूस पडद्यावर मोकळा झाला की काय होतं याचं इथलं प्रसिद्ध उदाहरण डिसेंबर २००५ मधलं. कॉन्झर्व्हेटिव्हांनी पालकांना मुलांच्या सांभाळासाठी थेट पैसे द्यायचं वचन दिलं होतं. लिबरल पंतप्रधान पॉल मार्टिन यांचे संपर्कप्रमुख स्कॉट रीड चर्चेत म्हणून गेले की लोक ते पैसे बिअर आणि पॉपकॉर्नवर उडवतील. धोरणाच्या वादात त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. पण घराघरातल्या आईबापांना ऐकू आलं ते एवढंच की सरकारचा आमच्यावर विश्वास नाही. जानेवारीत सरकार गेलं, एकट्या त्या वाक्यामुळे नव्हे, पण दारांवर ते वाक्य पुढची कित्येक वर्षं ऐकू यायचं.

आणि तरी आमच्यासारख्यांचं ऐकूच नका असं सांगायला माझी जीभ रेटत नाही, त्याला कारण कोरी टेनाइक. हे ऑन्टॅरिओचे प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, डग फोर्ड यांचे प्रचारप्रमुख, मुळचे हार्पर यांच्या कार्यालयातले, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्हांच्या निळ्या रंगाचेच. एप्रिल २०२५ मध्ये, प्रचार ऐन भरात असताना, त्यांनी जाहीरपणे स्वपक्षीयांना सुनावलं की एवढी मोठी आघाडी हातची घालवणं हा अक्षम्य हलगर्जीपणा आहे आणि प्रचार ट्रम्प यांच्या प्रश्नावर वळवा. लगेच पंडितांनी त्याचा अर्थ लावला: फोर्ड आणि पॉलिएव्ह यांचं पटत नाही, त्यांचे माणूस हिशेब चुकते करताहेत. पटत नव्हतं हे खरंच. पण फोर्ड यांनी दीडेक महिन्यापूर्वीच, २७ फेब्रुवारीला, अमेरिकी शुल्काशी लढणारा माणूस म्हणून प्रांताची निवडणूक लढवली होती आणि १२४ पैकी ८० जागा घेतल्या होत्या. नवा प्रश्न कोणता आहे याची परीक्षा देऊन, पास होऊन आलेला माणूस बोलत होता. त्याचा स्वार्थ होता आणि तो बरोबरही होता. चर्चा झाली ती स्वार्थाचीच, कारण भांडण सांगायला सोपं असतं.

चाचण्यांना सरसकट शिव्या देणंही मला पटत नाही. २०२५ ला शेवटच्या दिवशीच्या बहुतेक चाचण्या निकालाच्या बऱ्यापैकी जवळ होत्या. पण २०१२ मध्ये आल्बर्टात शेवटच्या आठवड्यापर्यंत वाइल्डरोझ हा उजवा पक्ष जिंकणार असंच सगळीकडे होतं. मधे त्यांच्या एका उमेदवाराचं समलिंगी लोक "अग्नीच्या सरोवरात" जातील असं म्हणणारं जुनं लिखाण बाहेर आलं, नेतृत्वाने त्याला हाकललं नाही, आणि अखेरच्या दोन-तीन दिवसांत शहरी मतदार घाबरून सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्हांकडे परतले: ८७ पैकी ६१ जागा. पुढच्या वर्षी ब्रिटिश कोलंबियात एनडीपी जिंकणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. जिंकल्या सत्तेतल्या प्रीमियर क्रिस्टी क्लार्क, त्याही स्वतःची जागा हरून. आणि तीन वर्षांपूर्वी ज्या आल्बर्टात सत्ताधारी अजिंक्य ठरले होते, तिथे मे २०१५ मध्ये एनडीपीने ५४ जागा घेऊन त्यांची ४४ वर्षांची सलग सत्ता संपवली. आल्बर्टात एनडीपी! मी निकालाच्या रात्री दोनदा वाहिनी बदलून बघितली.

लिबरल पक्षाचे मृत्युलेख तर इथे एक साहित्यप्रकारच आहे. २०११ मध्ये त्यांना ३०८ पैकी ३४ जागा मिळाल्या, एनडीपी १०३ जागांसह प्रमुख विरोधी पक्ष झाली, आणि आता ब्रिटनसारखी उजवी-डावी सरळ लढत होणार, मधला पक्ष इतिहासजमा, असं ठामपणे लिहिलं गेलं. ते लिहिणारे मूर्ख नव्हते. पण त्या १०३ पैकी ५९ जागा क्युबेकच्या होत्या आणि त्या पक्षाचे नेते जॅक लेटन यांच्याकडे बघून मिळाल्या होत्या. लेटन त्याच ऑगस्टमध्ये वारले. चार वर्षांनी ३३८ पैकी १८४ जागा घेऊन लिबरल बहुमतात. त्या वेळीही प्रचाराच्या सुरुवातीला ते तिसरे होते. प्रश्न "हार्पर यांना कोण हटवेल" हा झाला आणि लोकांनी उत्तराला एनडीपीऐवजी लिबरल निवडले.

एवढं सगळं राष्ट्रीय प्रश्नाबद्दल सांगितल्यावर त्याला छेद देणारी उदाहरणंही सांगायला हवीत, नाहीतर मीही पट्टी लावूनच रेघ ओढतोय असं होईल. ब्रॅम्प्टन वेस्टमध्ये आरोग्यमंत्री कमल खेरा हरल्या, लिबरल लाटेत, कॉन्झर्व्हेटिव्हांकडून. विंडसर वेस्ट, मोटार कारखान्यांचं गाव, अमेरिकी शुल्काने ज्यांच्या पोटावर थेट पाय यायचा ते लोक. ट्रम्पच्या भीतीने ते लिबरलांकडे जायला हवे होते. एनडीपीची ती जुनी जागा गेली कॉन्झर्व्हेटिव्हांकडे. ज्या कामगाराचा कारखाना पाच वर्षांपासून हेलकावे खातोय त्याचा प्रश्न अजून "हे आधीचं सरकार" हाच होता. आणि ओटावाच्या कडेच्या कार्लटन मतदारसंघात खुद्द पॉलिएव्ह साडेचार हजारांच्या आसपास मतांनी पडले. २००४ पासूनचे खासदार ते. तिथे ९१ उमेदवार होते, मतपत्रिका जवळजवळ मीटरभर लांब. समोरचे लिबरल ब्रूस फॅनजॉय दोन वर्षं दारोदार फिरत होते, आणि त्या दारांमागे केंद्र सरकारच्या नोकरीतले कितीतरी लोक राहतात, ज्यांच्या खात्यांत कपातीचं वचन पॉलिएव्ह देशभर देत होते. देशभर टाळ्या मिळवणारं वाक्य स्वतःच्या गल्लीत कसं वाजतं, हे कुणी तपासलं नसावं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचं उत्तर: मी काय बघतो? सध्या सगळे विचारतात ते एनडीपीबद्दल, म्हणून तिचंच घेतो. २०२५ मध्ये निवडून आलेले सात खासदार म्हणजे संसदेतला अधिकृत पक्षाचा दर्जाही नाही, त्याला बारा लागतात. मी आधी पैशाकडे बघतो. इथे उमेदवाराला दहा टक्के मतं पडली तर निवडणूक खर्चाचा ६० टक्के भाग सरकारकडून परत मिळतो. आपल्याकडे डिपॉझिट जप्त होतं त्याचाच हा थोरला भाऊ. २०२५ मध्ये त्यांच्या बहुसंख्य उमेदवारांना दहा टक्के गाठता आले नाहीत, म्हणजे मतदारसंघांच्या पातळीवर कर्जं. कंपन्या आणि कामगार संघटनांकडून देणगी घ्यायला बंदी आहे, माणसामागे वर्षाला साधारण पावणेदोन हजार डॉलरची मर्यादा, म्हणजे कुणी एक धनको येऊन वाचवणार नाही. हे वाईट आहे.

मग माणसांकडे बघतो. त्या पक्षात प्रांताचं सभासदत्व आणि देशाचं सभासदत्व बहुतेक ठिकाणी एकच असतं, आणि २०२५ च्या त्या आपटीच्या वेळी मॅनिटोबात आणि ब्रिटिश कोलंबियात त्यांचीच सरकारं होती. म्हणजे प्रचार चालवणारी, याद्या सांभाळणारी, मंत्र्यांच्या कार्यालयांत तयार झालेली पोरं त्यांच्याकडे आहेत. १९९३ नंतर प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्हांना दहा वर्षं तरून नेलं ते अशाच प्रांतातल्या माणसांनी, आणि २००३ मध्ये रिफॉर्मच्या वारसदार पक्षाशी विलीनीकरण होऊन आजचा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष झाला तेव्हा त्यांच्याकडे द्यायला निदान ती माणसं तरी होती. शेवटी यादी: एप्रिलमध्ये भीतीने लिबरलांना मत दिलेले जुने नारिंगी मतदार आज दारात काय म्हणतात? "तेव्हा नाइलाज होता" म्हणाले तर ते तीन आहेत. "आता आम्ही लिबरलच" म्हणाले तर पाच. गेल्या शनिवारी मी हॅमिल्टनमध्ये एका ओळखीच्या स्वयंसेवकाबरोबर दोन रस्ते फिरलो, चाळीसेक दारं. अंदाज बांधायला एवढं पुरत नाही. पण त्याने टाकलेले आकडे मी वहीत उतरवून घेतले आहेत.